ते गांडूळ आहे!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

डेन्मार्कमधल्या विबोर्गच्या हजार वर्षांपूर्वीच्या शौचकूपांतल्या व्हिपवर्म, म्हणजे माणसाच्या आतड्यातल्या चाबकासारख्या जंतांवर तुम्ही रविवारच्या पुरवणीत अर्धे पान दिलेत. असल्या विषयाला जागा देणारे संपादक विरळाच, त्याबद्दल आभार. पण सोबतचा फोटो? ते गांडूळ आहे हो! अंगावरचा जाडसर पट्टासुद्धा स्वच्छ दिसतोय.

मी बत्तीस वर्षे कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत नोकरी केली. १९८९च्या प्रॅक्टिकलला स्पॉटिंगमध्ये, म्हणजे मांडलेले नमुने ओळखायच्या प्रश्नात, अकरा नंबरवर मी व्हिपवर्मची बाटली मांडली होती. घंटा वाजायच्या घाईत एका मुलीने 'गांडूळ' लिहिले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भोपळा दिला. पोरगी जिन्यात बसून रडली. नंतर मीच तिला बाटली उजेडात धरून दाखवली: अर्ध्याहून जास्त अंग केसासारखे बारीक, उरलेले चाबकाच्या मुठीसारखे जाड. तो बारीक भाग शेपूट समजून शास्त्रज्ञांनीही त्याचे 'ट्रायक्युरिस', म्हणजे केसासारख्या शेपटीचा, असे बारसे केले. निघाले ते तोंडाकडचे टोक! नाव मात्र तेच राहिले. तेव्हा चुका मोठमोठ्यांकडून होतात, मान्य. पण त्यांनी निदान प्राणी तरी बदलला नव्हता.

शिवाय विबोर्गला जंत नव्हे, त्यांची अंडी सापडली. लिंबाच्या आकाराची, दोन्ही टोकांना बूच, मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. कवच चिवट म्हणून तर इतक्या वर्षांनी आतला डीएनए वाचता आला, आणि आजच्या जंतांशी ताडून ते आफ्रिकेतून माणसाबरोबरच जगभर गेले, असे २०२२मध्ये मांडता आले. लेखाचा जीव तो हा. त्याला तुमच्याकडे तीन ओळी, आणि 'जंतांवर दहा घरगुती उपाय' याला रंगीत चौकट!

'डुकरे पाळू लागल्यावर माणसाला पट्टकृमी झाले' हे तर कुठून आणलेत? माणसातल्या टेनिया या पट्टकृमीचे जवळचे भाऊबंद सिंह आणि तरस यांच्या आतड्यांत राहतात. आपले पूर्वज आफ्रिकेत हरणांचे मांस खाऊ लागले तेव्हाच तो आपल्याला चिकटला, गोठे फार पुढचे, असे २००१मध्येच मांडले गेले आहे. म्हणजे गाई-डुकरांना तो आपणच दिला. डुकरांना वर्तमानपत्र वाचता येत नाही, म्हणून खुलासा मला करावा लागतोय.

जाता जाता, त्याच पानावरच्या शब्दकोड्यात आडवे १७ला चौकोन चार आणि उत्तर पाच अक्षरी. गेल्या रविवारीही हेच. की तिथेही गांडूळच भरायचे?

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, कराड