मंदे, घर बघून ये

सॅन दिएगो,
जून

प्रिय मंदे,

फोनवर सांगायला गेले असते तर तू अर्ध्यातच 'थांब गं, पाहुणे आलेत' म्हणून ठेवला असतास. मुग्धा म्हणाली, व्हॉइस नोट पाठव. पण माझ्या नोटा तू दुप्पट वेगाने ऐकतेस हे मला ठाऊक आहे. हे मात्र तुला सावकाश वाचावं लागेल, म्हणून कागद घेऊन बसले.

तब्येतीचं आधी उरकते. मुग्धाला सातवा लागलाय, सगळं ठीक. माझी साखर काबूत आहे, गुडघा होता तसाच. झालं.

परवा रविवारी आम्ही सी वर्ल्डला, म्हणजे समुद्रातल्या प्राण्यांच्या बागेला, गेलो होतो. मिशन बे म्हणून खाडी आहे इथे, तिच्या काठाला. १९६४ पासून आहे म्हणे. इकडे जूनमध्ये रोज सकाळी आभाळ असं भरून येतं की वाळत घातलेले कपडे धावत जाऊन काढावेत. आणि पडत मात्र एक थेंब नाही! अकरा वाजले की लख्ख ऊन. तुमच्याकडे मृग कोसळत असेल आणि इथे मी रोज फसतेय.

आत शिरल्याशिरल्या एका उथळ हौदात पाकटी सोडल्यात. लोक बाह्या वर करून पाण्यात हात घालतात आणि त्यांच्या पाठीवरून फिरवतात. त्याही खुशाल हाताखालून जातात. मऊ, बुळबुळीत, शेपटीकडे जरा खरखरीत. शेजारची बाई हरखून काय काय म्हणत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे आईच्या हातचं पाकटीचं सुकं. जावईबापूंना हे बोलले नाही, बिचारे शाकाहारी. तू असतीस तर हसलो असतो दोघी. तुला तरी काय बोलायचं म्हणा! मोरी माशाच्या मटणाचा तो रविवार विसरली नसशील. तुझ्या आजीने तुला पकडलं आणि तू आठवडाभर माझ्याशी अबोला धरलास, का तर म्हणे माझ्या तोंडाला वास येत होता. माझ्या तोंडाला! तीनदा वाढून घेतलं होतंस तू.

आणखी एक सांगून टाकते. 'एम्परर' नावाचा पाळणा आहे, रुळांवरून धावणारा. दीडशे फुटांवर नेतात, पायाखाली फळीबिळी काही नाही, आणि अगदी कडेला तोंड खाली करून क्षणभर धरून ठेवतात. मग सोडतात. दापोलीच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यापाशी तू चारचौघींत मला भित्री म्हणाली होतीस, त्याचं उत्तर म्हणून बसले. जावईबापू नको नको म्हणत होते. वरून खाडी, पूल, पलीकडे पॅसिफिक, सगळं उलटंपालटं दिसलं. उतरल्यावर गुडघा ठीक, कंबर ठीक, फक्त दहा मिनिटं बोलता येईना. मुग्धाने फोटो काढलाय, पाठवणार नाही.

आता ज्यासाठी लिहितेय ते.

तिथे ऑर्का आहेत. काळेपांढरे, आपल्या मचव्याएवढे. मी 'मासे' म्हटलं तर जावईबापू म्हणाले, आई, ते मासे नाहीत, डॉल्फिनच्याच कुळातले. असू देत. मोठं अर्धगोल स्टेडियम, पुढे काच, काचेमागे निळं पाणी. पूर्वी त्यांच्या पाठीवर उभं राहून माणसं कसरती करायची. २०१० साली ऑर्लँडोच्या सी वर्ल्डमध्ये एका ऑर्काने आपल्या प्रशिक्षक बाईचा जीव घेतला, तेव्हापासून शोमध्ये पाण्यात कोणी उतरत नाही. २०१६ साली त्यांनी ऑर्कांची पैदासही बंद केली, आणि आता इथे नाचगाण्याऐवजी माहिती सांगतात. म्हणजे जे आत्ता आहेत ते शेवटचे. मागे खोटे खडक, खोटी झाडं, थंड मुलखातला किनारा वाटावा अशी. त्यापुढे त्या उड्या मारतात, पुढच्या रांगांवर शेपटीने पाणी उडवतात आणि बक्षीस म्हणून तोंडात मासळी पडते. बादलीतली, बर्फातली. हर्णै बंदरावर वाढलेल्या माणसाला ते बघवत नाही गं.

त्यांतली एक कॉर्की. मंदे, १९६९ साली कॅनडाच्या किनाऱ्यावर पेंडर हार्बर म्हणून बंदर आहे तिथे जाळ्यात धरली. आपण दोघी त्या सालच्या. तेव्हा ती चारेक वर्षांची होती, म्हणजे आपली थोरली बहीणच. आधी लॉस एंजलिसजवळ दुसऱ्या एका ठिकाणी होती, १९८७ पासून इथे. तिला सात वेळा दिवस राहिले, एकही पिल्लू दोन महिने जगलं नाही. आणि त्यांच्यात रीत अशी की मुलगे असोत की मुली, जन्मभर आईच्याच मागे राहायचं. प्रत्येक गोताची बोलीसुद्धा वेगळी. आपलं दापोली-गुहागर समज. हिचं गोत अजून तिकडच्या पाण्यात फिरतंय. त्यांचे आवाज टेपवर हिला ऐकवले होते एकदा, तर अंग थरथरलं म्हणे तिचं.

मुग्धा हे सांगत असतानाच आईचा फोन आला. पुण्यात रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. म्हटलं, निजली नाहीस? म्हणाली, झोप कुठे लागते. कुठे आहेस? मी गमतीने म्हटलं, समुद्रावर. तेवढ्यात त्या ऑर्काने उडी मारली, धपाककन पाणी आलं, लोक ओरडले. आई जरा गप्प. मग म्हणाली, "खोटं बोलू नकोस. हा समुद्र नव्हे. कोणीतरी घागरी उपसतंय."

सातव्या मजल्यावरून ओळखलं तिने, मंदे. फोनवर!

मग म्हणाली, हर्णैला पाऊस लागला का? म्हटलं, मला इथे काय कळणार? "मंदेला विचार," म्हणाली, आणि ठेवला फोन.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तू म्हणशील, आईची तुलना त्या जनावराशी करतेस, लाज नाही वाटत? नाही वाटत. आईला सांगितलं तर तीच म्हणेल, त्याला निदान बादलीतून का होईना, मासळी मिळते. दादाकडे गुरुवार, शनिवार, चतुर्थी, श्रावण, सगळं पाळतात, वहिनीच्या माहेरचं. एरवी मिळते ती पाकिटातली.

तुला सगळं माहीतच आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने कौलं उडवली, माड आडवे केले, आणि दादा गाडी घेऊन आला. 'पावसाळ्यापुरतं चल.' दोन पिशव्या घेऊन निघाली ती. कौलं त्याच दिवाळीत बसवली, पैसे मी निम्मे दिले, तूच उभी राहून काम करून घेतलंस. आणि आई अजून पुण्यातच. दादा वाईट नाही गं. रोज रात्री तिचे पाय चेपतो, मी पाहिलंय. पण बाहेर जाताना कडी बाहेरून लावतात, कारण एकदा ती लिफ्टने खाली जाऊन टँकरवाल्याशी गप्पा मारत बसली होती. पाण्याचा आवाज आला म्हणून गेली, म्हणाली.

मी विषय काढला की दादाचं एकच. रात्री छातीत दुखलं तर हर्णैहून दापोलीला पंधरा-सोळा किलोमीटर कोण नेणार? माझ्याकडे उत्तर नसतं. मग मी रागावते, तो म्हणतो तू ने तुझ्याकडे, मी म्हणते माझी बदलीची नोकरी. वहिनी चहा आणते. प्रत्येक वेळी हेच.

सी वर्ल्डहून आल्यापासून रात्री फोनवर या ऑर्कांचं वाचत बसते. मुग्धा म्हणते, आई, डोळे जातील. पण तिथेही दादाचंच भांडण चाललंय. केइको म्हणून एक नर होता, त्याला १९९८ साली परत आइसलँडच्या समुद्रात नेला. आधी जाळ्याच्या कुंपणात ठेवला, मग मोकळा. पोहत पोहत नॉर्वेला गेला, पण तिथेही माणसांच्याच मागे मागे. २००३ च्या डिसेंबरात न्यूमोनियाने गेला. म्हणजे दादाचं खरं. आईची अर्धी गल्ली आता मुंबईला, उरलेली वर गेली. तिथे जाऊन ती बोलणार कोणाशी? तुझ्याशी? तुला वेळ आहे का?

उलट एक स्प्रिंगर. आई मेली, एकटीच भरकटत सिअॅटलच्या बाजूला आलेली पोर. २००२ मध्ये तिला उचलून उत्तरेला तिच्या गोतात सोडली, त्यांनी घेतली सामावून, पुढे पिल्लंही झाली. पण ती लहान होती. आई ऐंशीची.

आणि तिसरी मायामीची. टोकिटाए तिचं नाव, लोलिताही म्हणायचे. १९७० साली धरलेली. पन्नासहून जास्त वर्षं एका टाकीत. परत नेऊ, घरच्या पाण्यात कुंपण घालून ठेवू, असं शेवटी सगळ्यांचं ठरलं, तयारी चालू झाली, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये ती टाकीतच गेली. हे वाचलं आणि मी उठून पाणी प्यायले. मुग्धा उठून आली, म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, तिखट लागलं रात्रीचं. रात्री दहीभात खाल्ला होता.

कॉर्कीसाठीही तसंच म्हणतात लोक, तिच्या गोताच्या वाटेवर एका खाडीत जाळं लावून तिला ठेवा. औषधपाणी चालू, माणसं हाताशी, पण पाणी खरं, आणि जवळून कोणी गेलं तर आवाज कानावर पडेल. सी वर्ल्डवाले म्हणतात, या वयात हलवणं धोक्याचं. मी दोघांचं वाचते आणि दोघांचं पटतं. पण ते मधलं, कुंपणाचं, मला दोन दिवस सोडत नाहीये. एकदम मोकळं नाही, टाकीही नाही.

म्हणजे असं बघ. गणपती ते होळी. पावसाळा पुण्यात, उघडीप झाली की हर्णैला. रात्री सोबतीला कोणी बाई. तुझ्याकडे कामाला येते तिची बहीण मोकळी असते म्हणाली होतीस ना? पैसे मी देईन. माझी निवृत्ती पुढच्याच वर्षी, मग मीच येऊन राहीन. हे मी अजून कोणाला बोललेले नाही. यांनाही नाही.

तू लगेच उलटं बोलशील ते माहीत आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं तेव्हा तू गाडी करून बघायला गेली होतीस. सगळ्यांनी मिळून ओढून समुद्रात नेलं, पुन्हा लागलं किनाऱ्याला आणि गेलं. तेव्हा तू म्हणाली होतीस, माणसाने मध्ये पडू नये. बरं, नाही पडत. मग आईला सातव्या मजल्यावरच ठेवू का, सांग.

अरे हो, तुझ्या नणंदेला सांग, मालवणकडच्या तोंडवळीला सी वर्ल्ड आणणार म्हणून गावाने जमिनी द्यायला नकार दिला होता त्यांनी बरंच केलं. इथे बघून आले मी. वाईट आहे असंही नाही गं, जखमी सीलबिल आणून बरे करून सोडतात. १९९७ साली समुद्रकाठी एक करड्या देवमाशाचं पिल्लू मरणासन्न सापडलं, त्याला वर्षभर इथे पोसून पुढच्या मार्चला सोडलं. पण पंधरा मिनिटं स्टेडियमभर टाळ्या वाजवायच्या आणि बाहेर येऊन भरलेलं खेळण्यातलं ऑर्का घ्यायचं, हे काही जमलं नाही मला. मुग्धाने घेतलं, बाळासाठी.

तुझं कसं चाललंय? होमस्टेच्या मागच्या दोन खोल्या झाल्या का? गणेशचं ठरलं की पुन्हा मोडलं? यावेळी मुलगी बघायला जाताना तू बोलू नकोस, भावजींना बोलू दे. आंजर्ल्याच्या कासवांच्या वेळी पाहुणे बरे आले असतील.

आता काम. किल्ली तुझ्याकडेच आहे. पहिला पाऊस झाला की घर बघून ये. माजघराच्या कोपऱ्यात गळतं का ते बघ, तिथली कौलं मला तेव्हाच हलकी वाटली होती. पंप चालवून बघ, विहिरीला रहाट अजून आहे का तेही सांग, आई पंपाला हात लावत नाही. न्हाणीत धरायला दांडा बसवायला किती लागतील ते सुताराला विचार. आणि त्या बाईच्या बहिणीला विचार, पण कोणासाठी ते सांगू नकोस, नाहीतर संध्याकाळपर्यंत बंदरावर लिलावात पुकारलं जाईल.

दादाला मी तिकडे आल्यावर समोरासमोर बोलेन. तोवर आईचा फोन आला आणि तिने पावसाचं विचारलं तर फक्त पावसाचंच सांग. घर उघडलंस म्हणालीस तर ती पिशवी भरून दारात बसेल.

तुझी,
नंदा

ता.क. 'तुला वेळ आहे का' असं लिहिलंय म्हणून रुसू नकोस. वेळ नाहीच तुला. पण आई तुझंच नाव घेते, माझं नाही, हे मला लागलंय थोडं, ते निघालं.