धावण्याला दोष देण्याआधी

मा. संपादक,

व्यायाम करताना कुणी कोसळल्याची बातमी छापून आली की आपल्या नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन-चार दिवस दुसरा विषय नसतो. ‘एवढा धडधाकट माणूस, रोज जिमला जायचा’ इथून सुरू झालेली गाडी ‘त्यापेक्षा घरी बसलेलं बरं’ इथे येऊन थांबते. काही जण खरोखरच यायचे बंद होतात. जीवशास्त्र शिकवण्यात उभी नोकरी गेल्यामुळे मला हे ऐकून गप्प बसवत नाही.

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला, विशेषतः डाव्या बाजूला, रक्त मिळते ते बहुतांशी दोन ठोक्यांमधल्या उसंतीत. आकुंचन पावताना हा स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. मिनिटाला 70 ठोके असताना जवळपास दोनतृतीयांश वेळ उसंतीचा असतो. ठोके 180 वर गेले की तो निम्म्याहून कमी उरतो. शिवाय स्वस्थ बसलेले असतानाही हृदय आपल्या वाट्याच्या रक्तातला सुमारे 70 टक्के प्राणवायू काढून घेत असते. आणखी हवा असेल तर आणखी रक्तच यायला हवे. निरोगी वाहिन्या रुंदावून चार-पाच पट रक्त आणतात. अरुंद झालेल्यांना ते जमत नाही, आणि चढावर छातीत दाटून येते. बसले की थांबते, म्हणून ‘गॅस असेल’ म्हणत सोडून दिले जाते. मधुमेह असलेल्यांना तर कधी तेवढीही सूचना मिळत नाही.

नियमित चालणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते. ठोके 72 वरून 60 वर आले तर दिवसाला 17,280 ठोके वाचतात, म्हणजे उसंतही वाढते. ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांनी 1953 साली लंडनच्या बस कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरचे जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता.

मग धडधाकट माणूस कोसळतो कसा? नळाला आतून गंज चढावा तशी वाहिनी हळूहळू बुजते आणि एक दिवस बंद पडते, अशी आपली समजूत. बऱ्याच झटक्यांत तसे घडत नाही. वाहिनीच्या अस्तराखाली कोलेस्टेरॉलचा थर साठलेला असतो. त्याचे पातळ आवरण फाटते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि थोड्याच वेळात वाट बंद. या थराने आधी निम्मीही वाट अडवलेली नसू शकते, म्हणूनच अगदी अलीकडची स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी) नॉर्मल असू शकते. तो थर व्यायामाने घातलेला नसतो. तंबाखू, रक्तदाब, साखर यांनी कित्येक वर्षांत घातलेला असतो. सवय नसताना एकाएकी केलेली जोराची मेहनत हे निमित्त.

आपल्याकडे त्यात थंडीची भर. गारठ्याने वाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि नेमकी तेव्हाच वर्षभर न हललेली मंडळी नवे बूट घालून पहिल्याच दिवशी पळत सुटतात, नाहीतर रविवारी थेट ब्रह्मगिरीचा डोंगर गाठतात. (ट्रॅकवरून सरळ मिसळीच्या ताटावर बसणाऱ्यांबद्दल बोलत नाही, त्यात मीही असतो.) पहिली दहा मिनिटे सावकाश चालावे आणि थांबतानाही एकदम थांबू नये. चाळिशी ओलांडलेल्यांनी पळायला लागण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

हृदय बंद पडून माणूस कोसळलाच, तर सीपीआर (छाती लयीत दाबत राहणे) न मिळाल्यास हृदयाला विजेचा शॉक मिळेपर्यंतच्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. 108 ला फोन लगेच करायचाच, पण गाडी येईपर्यंत छाती दाबणारे हात आणि असा शॉक देणारे एईडी यंत्र जवळ हवे. हे यंत्र बोलून सूचना देते, ते वापरायला डॉक्टर लागत नाही. 2027 च्या सिंहस्थासाठी घाटांवर ही यंत्रे ठेवावीत, स्वयंसेवकांना सीपीआर शिकवावे आणि पर्वण्या आटोपल्यावर ती गोदामात न टाकता शहरातल्या जॉगिंग ट्रॅकवर कायमची बसवावीत, अशी संबंधितांना विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, इंदिरानगर, नाशिक