पाणीसाठ्याच्या घागरी आणि दलघमीचा हिशेब

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात मराठवाड्यातील अकरा मोठ्या प्रकल्पांच्या पाणीसाठ्याचे रंगीत चित्र येऊ लागते. एकाच मापाच्या अकरा घागरी ओळीने मांडलेल्या असतात, टक्केवारी असेल तितकी घागर निळ्या रंगाने भरलेली असते आणि खाली धरणाचे नाव असते. चित्र देखणे असते यात शंका नाही, आणि गावोगावच्या हॉटेलांत चहा घेताना बातमी न वाचता केवळ हे चित्र पाहून वर्षाचा अंदाज बांधणारेही पुष्कळ असतात. म्हणूनच त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. या चित्रावरून मराठवाड्यातील पाण्याविषयी जी समजूत होते ती वस्तुस्थितीला सोडून असते. आकडे बरोबर असतात. ते मांडण्यासाठी निवडलेली आकृती चुकीची आहे.

जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजेच दलघमी, आहे आणि मांजरा धरणाचा सुमारे १७७ दलघमी. जायकवाडीत दहाच टक्के पाणी उरले तरी ते २१७ दलघमी होते, म्हणजे काठोकाठ भरलेल्या मांजरापेक्षा जास्त. घागरींच्या चित्रात मात्र जायकवाडी कोरडेठाक आणि मांजरा तुडुंब दिसते. रांजणातले दहा टक्के आणि तांब्यातले शंभर टक्के पाहून तांब्यात पाणी जास्त आहे, असे घरात कोणी म्हणणार नाही. धरणांच्या चित्रात आपण नेमके तेच म्हणत आहोत. त्याहून गंभीर बाब म्हणजे चित्राखाली कधीकधी दिलेली सरासरी. वरील दोन धरणांच्या टक्क्यांची बेरीज करून तिला दोनाने भागले तर ५५ टक्के येतात. प्रत्यक्षात दोन्ही धरणांच्या मिळून २३४८ दलघमी क्षमतेत ३९४ दलघमी पाणी असते, म्हणजे सतरा टक्क्यांहूनही किंचित कमी. पंचावन्न टक्क्यांचा मथळा वाचून ज्याने उसाची लागवड केली, त्याला नंतर कोणी समजवावे?

यावर उपाय साधा आहे. घागरी काढून आडवे पट्टे घ्यावेत, सर्व पट्ट्यांना दलघमीचे एकच माप लावावे, मोठे धरण वर व लहान खाली असा क्रम ठेवावा आणि प्रत्येक पट्ट्याचा भरलेला भाग गडद व रिकामा भाग फिका दाखवावा. जायकवाडीचा पट्टा वीस सेंटिमीटरचा घेतला तर मांजराचा दीड सेंटिमीटरहून थोडा मोठा येतो आणि नांदेडच्या विष्णुपुरीचा पाऊण सेंटिमीटरच्या आसपास. एवढा पट्टा छपाईत स्पष्ट दिसतो. टक्केवारी आकड्यातच पट्ट्यापुढे लिहावी. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅक्‌गिल या संशोधकांनी १९८४ मध्ये सिद्धांत आणि प्रयोगांच्या आधारे असे मांडले की एकाच मापपट्टीवरील बिंदूंची जागा माणूस सर्वांत अचूक ओळखतो, त्याखालोखाल लांबी. कोन आणि क्षेत्रफळ ओळखताना तो बराच चुकतो आणि रंगाच्या छटेवरून आकडा ताडताना सर्वाधिक. घागरीच्या फुगीर पोटात निळा रंग निम्म्या उंचीपर्यंत आला म्हणजे घागर निम्मी भरली असेही नसते, हा आणखी एक घोटाळा.

टक्केवारी निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. आम्हा अंबाजोगाईकरांचे पिण्याचे पाणी मांजरावर अवलंबून आहे, लातूरकरांचेही तसेच. आम्हाला जायकवाडीशी तुलना नको असते. गेल्या वर्षी याच तारखेला मांजरात किती पाणी होते, एवढेच कळायला हवे असते. हा प्रश्न वेगळा असल्यामुळे त्याचे चित्रही वेगळे हवे. जूनपासून पुढच्या मेपर्यंतचे महिने आडव्या अक्षावर घ्यावेत, यंदाच्या साठ्याची रेषा ठळक काढावी आणि मागील काही वर्षांच्या रेषा बारीक व करड्या ठेवाव्यात. त्यात २०१५-१६ ची रेषा कायम असावी, असे मी सुचवीन. त्याच वर्षाच्या अखेरीस, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. यंदाची रेषा त्या रेषेच्या किती जवळ चालली आहे, हे जानेवारीतच दिसले तर नगरपालिकेला आणि नागरिकांना हातात चार महिने मिळतात. जायकवाडीच्या अशाच चित्रात ६५ टक्क्यांवर एक आडवी रेघ मारावी. जायकवाडीत साठा एवढा नसताना ऊर्ध्व भागातील नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडण्याचा वाद दर ऑक्टोबरला आजवर याच आकड्याभोवती फिरत आला आहे, आणि त्या आकड्यापासून आपण किती दूर आहोत हे चार रकान्यांच्या बातमीपेक्षा ती एक रेघ लवकर सांगेल.

मृत साठ्याविषयीही, म्हणजे उपयुक्त साठ्यात न धरलेल्या तळाच्या पाण्याविषयीही, लिहिले पाहिजे. जायकवाडीचा मृत साठा ७३८ दलघमी आहे, म्हणजे मांजराच्या पूर्ण उपयुक्त साठ्याच्या चौपटीहून जास्त. उन्हाळ्यात 'शून्य टक्के' छापून रिकामी घागर दाखवली जाते तेव्हा धरणात एवढे पाणी असते आणि टंचाईत शहरांची तहान त्यातूनच भागवली जाते. पट्ट्याच्या चित्रात शून्याच्या डावीकडे करड्या रंगात मृत साठा सहज दाखवता येतो, आणि मग 'उणे पाच टक्के' म्हणजे काय, असा प्रश्न वाचकाला पडत नाही.

दुसरे उदाहरण सोयाबीनच्या हमीभावाचे घेतो. २०२३-२४ मध्ये तो क्विंटलला ४६०० रुपये होता, २०२४-२५ मध्ये ४८९२ रुपये झाला. वाढ २९२ रुपयांची, म्हणजे सुमारे सव्वासहा टक्क्यांची. हेच दोन आकडे उभ्या स्तंभांनी दाखवताना अक्ष ४५०० पासून सुरू केला तर पहिला स्तंभ १०० रुपयांइतका आणि दुसरा ३९२ रुपयांइतका उंच होतो, आणि हमीभाव जणू चौपट झाल्याचा भास होतो. असे स्तंभ सरकारी जाहिरातीत असावेत याचे नवल नाही. बातमीत ते नसावेत. स्तंभाचा अर्थ त्याच्या उंचीत असतो, त्यामुळे त्याचा पाया शून्यावरच हवा. रेषेला हे बंधन नाही, कारण तिथे आपण चढउतार पाहतो. लातूर बाजार समितीतील रोजचा दर रेषेने दाखवताना अक्ष ३५०० पासून घेतला तरी चालेल, मात्र तसे तिथे स्पष्ट लिहिलेले असावे आणि त्याच चित्रात हमीभावाची आडवी रेघ असावी. बाजारभाव हमीभावाच्या किती खाली आणि किती दिवस राहिला, हेच शेतकऱ्याला पाहायचे असते. पोत्यांची चित्रे काढून भाववाढ दाखवण्याची पद्धत तर बंदच करावी, कारण पोते दुप्पट उंच केले की ते दुप्पट रुंदही होते आणि कागदावर चौपट जागा व्यापते.

पावसाच्या नकाशांत दोष थोडा निराळा आहे. हवामान विभागाच्या वर्गवारीत सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त एवढ्या पावसाला सर्वसाधारण मानून हिरवा रंग दिला जातो. २० ते ५९ टक्के तूट लाल आणि ६० टक्क्यांपासून पुढची तूट पिवळ्या रंगात असते. सर्वसामान्य वाचक पिवळ्यापेक्षा लाल अधिक वाईट समजतो. इथे नेमके उलट आहे. शिवाय लाल व हिरवा यांतला फरक ज्यांना ओळखू येत नाही असे वाचक, विशेषतः पुरुष, आपण समजतो त्यापेक्षा जास्त आहेत. आपण तो नकाशा जसाच्या तसा उचलण्याऐवजी फिकट ते गडद अशा क्रमाने रंगवावा आणि जिल्ह्याच्या नावाखाली आकडाही छापावा. तरीही हंगामाची बेरीज पिकाची कथा सांगत नाही. ऑगस्ट २०२३ मधील प्रदीर्घ खंड अजून कोणी विसरलेले नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते. अशा दोन दिवसांनी महिन्याची सरासरी गाठली जाऊ शकते आणि उरलेला महिना कोरडा जाऊ शकतो. बेरजेच्या चित्रात दोन्ही एक होतात. रोजच्या पावसाचे बारीक स्तंभ काढले तर खंडाची मोकळी जागा कोणालाही दिसते, आणि पीक विम्याच्या भांडणात अशा चित्राचा उपयोगही होतो.

आठ जिल्ह्यांच्या आठ रंगी फोडींची, त्यातही तिरकी आणि जाड कड असलेली वर्तुळे आता पुरे. पुढच्या बाजूची फोड उगाच मोठी दिसते आणि परभणी व हिंगोलीतला फरक तर डोळ्यांना कळतच नाही. आठच आकडे असतील तर साधा तक्ता पुरतो, त्यात कमीपणा काही नाही. शेतकरी आत्महत्यांच्या आकड्यांशेजारी फासाची चित्रे काढण्याची पद्धत मात्र केवळ आकृतीच्या निवडीचा प्रश्न नाही. ती ताबडतोब थांबवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

अखेरची सूचना धरणांच्या चित्राविषयीच आहे. नोंद कोणत्या तारखेची, किती वाजताची आणि कोणत्या कार्यालयाची, हे चौकटीच्या आत, पट्ट्यांच्या लगत छापावे. आवक मोठी असताना सकाळचा आकडा संध्याकाळपर्यंत जुना होतो. आणि हल्ली चित्र कापून व्हॉट्सॲपवर फिरवले जात असल्याने, चौकटीबाहेर छापलेली तारीख गळून पडते व मागच्या वर्षीचे भरलेले धरण यंदाच्या ऑगस्टमध्ये पुन्हा फिरू लागते.

कळावे,
आपला एक नियमित वाचक
(निवृत्त संख्याशास्त्र अध्यापक)
अंबाजोगाई, जि. बीड