मुदत संपलेले सर्व्हर आणि ‘चालतंय ना?’

महोदय,

सा. न. वि. वि.

ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे आपल्या अंकात वरचेवर छापून येतं. ते हवंच. पण ज्यांचा सगळा कारभार भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर चालतो, त्या छोट्या मालकांच्या कामाचं फारसं काही वाचायला मिळत नाही. मी वडोदऱ्यात असे सर्व्हर सांभाळतो. मकरपुरा जीआयडीसीतले कारखानदार, रावपुऱ्यातली एक लॅब, नवरात्रात गरब्याचे पास ऑनलाइन विकणारी मंडळी, अशी माझी गिऱ्हाइकं.

यातले बरेच सर्व्हर सेंटओएस 7 या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमवर उभे केलेले. 2014 साली आलेल्या या लिनक्सचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा पुरवठा, 30 जून 2024 ला संपला. तारीख कितीतरी वर्षं आधीपासून जाहीर होती. सेंटओएस 8 वाल्यांची मात्र खरोखर पंचाईत झाली. 2029 पर्यंत निर्धास्त, म्हणून ती घेतली आणि डिसेंबर 2020 मध्ये घोषणा झाली की 31 डिसेंबर 2021 ला बंद. सपोर्ट संपला म्हणून भोकं सापडायची थांबत नाहीत: त्यानंतर महिना उलटायच्या आत, जानेवारी 2022 मध्ये, लिनक्समधल्या ‘पीकेएक्झेक’ या प्रोग्रॅममधलं भोक उघडकीस आलं. साध्या युजरला थेट रूटचे, म्हणजे सगळ्या सर्व्हरवर हुकूम चालवायचे, अधिकार मिळवून देणारं, 2009 पासून तसंच पडून राहिलेलं.

मुदत संपल्यावर मालकाला काय दिसतं? काही नाही. बिलं निघतात, रिपोर्ट छापले जातात. अडतं ते आमच्यासारख्यांचं. जुलै 2024 मध्ये सेंटओएस 7 वर ‘यम अपडेट’ (दुरुस्त्या उतरवून घ्यायची आज्ञा) मारलं की मिररलिस्टचा, म्हणजे त्या जिथून घ्यायच्या त्या ठिकाणांच्या यादीचा, पत्ताच सापडत नाही, असा एरर यायचा. त्यावर एक इलाज लगोलग सगळीकडे फिरला: फाइलमधला पत्ता बदलून ‘व्हॉल्ट’चा घाला. घातला की यम पुन्हा चालू आणि सगळे खूश! पण व्हॉल्ट म्हणजे जुन्या पॅकेजांचं गोदाम. तिथे नवा पॅच, म्हणजे नवी दुरुस्ती, येत नाही. एरर गेला, धोका आहे तिथेच आहे. हा इलाज करून वर ‘सर्व्हर अपडेट केला’ म्हणून बिल लावणारेही मी पाहिलेत.

दुसरा गैरसमज असा की क्लाउडवर आहे म्हणजे क्लाउड कंपनी बघेल. कंपनी मशीन, वीज, नेटवर्क बघते. आपण भाड्याने घेतलेल्या व्हर्च्युअल मशीनच्या आतली सिस्टीम आपली. सोसायटी लिफ्ट बघते, टाकी बघते. तुमच्या ओट्याखालची गॅसची नळी बदलायला सेक्रेटरी येत नाही. त्या नळीवर निदान मुदत छापलेली तरी असते.

आणि लोक बदलत का नाहीत, तर आळस हे त्याचं अर्धंच उत्तर. ‘नवरात्र होऊ द्या’, मग दिवाळी, मग मार्च एंडिंग, हे आहेच. खरी अडचण प्रोग्रॅमची आहे. सेंटओएस 7 सोबत पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची 5.4 आवृत्ती यायची. त्या काळी लिहिलेल्या बिलिंगमध्ये डेटाबेसशी बोलायची जी जुनी फंक्शन्स वापरली, ती पीएचपी 7 मधून काढूनच टाकली आहेत. म्हणजे सिस्टीम बदला, की प्रोग्रॅमही दुरुस्त करा. आणि तो लिहिणारा मुलगा आता कॅनडात!

तरी वाट आहे. चालत्या सर्व्हरवर प्रयोग करण्यापेक्षा शेजारी नवा उभा करावा, डेटाची प्रत तिथे चढवून एका आख्ख्या महिन्याचा हिशेब तिथे पुरा करून बघावा, बेरजा जुळल्या की मगच डोमेन नव्याकडे वळवावं. जुना लगेच डिलीट करू नये. थोडे दिवस दोन सर्व्हरचं भाडं पडतं आणि घासाघीस नेमकी तिथेच होते. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवाल्यांना जागच्या जागी अपग्रेड करता येतं, पण पायरी गाळता येत नाही: 18.04 या आवृत्तीवरून आधी 20.04, मग 22.04. त्यातल्या 20.04 चा नेहमीचा सपोर्टही मे 2025 मध्ये संपला. पुढे हवा तर उबुंटू प्रो ही जादा सपोर्टची सेवा घ्यावी लागते. अगदीच हलता येत नसेल, तर निदान बाहेरचे पोर्ट (नेटवरून आत यायच्या वाटा) बंद करून फक्त ऑफिसच्या आयपीला, म्हणजे नेटवरच्या पत्त्याला, दार उघडं ठेवावं आणि बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवू नये.

माझी मागणी साधी आहे. सर्व्हरचं कोटेशन देणाऱ्याने कोणती सिस्टीम, तिचा सपोर्ट कधीपर्यंत आणि त्यानंतर बदलायचा खर्च कुणाचा, हे लेखी द्यावं. आपल्या मराठी संस्था, पतपेढ्या, शाळा यांनी ते नसलेलं कोटेशन परत पाठवावं. आज उबुंटू 24.04 घेतलं तर 2029 पर्यंत चिंता नाही, पण 2029 च्या बजेटात ती रक्कम आजच धरायला हवी. आणि ज्यांचा सर्व्हर आधीपासून चालू आहे, त्यांनी आपल्या माणसाला ‘ओएस-रिलीज’ फाइल उघडून दाखवायला सांगावं. सिस्टीमचं नाव आणि आवृत्तीचा नंबर तिथे लिहिलेला असतो.

आपला,
एक सर्व्हर सांभाळणारा वाचक
दांडिया बाजार, वडोदरा