एक्स्टेन्शन काय देते ते छापलेत, काय मागते तेही छापा

मा. संपादक,

सादर नमस्कार.

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत शिक्षकांना उपयोगी पडतील अशा ब्राउझर एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या साधनांची, यादी आली होती. आमच्या स्टाफरूममध्ये तो अंक दिवसभर हातोहात फिरला आणि मधल्या सुट्टीपर्यंत दोन सहकाऱ्यांनी त्यातली चार-पाच एक्स्टेन्शन वर्गातल्या संगणकावर टाकलीही. त्यांचा उत्साह मी समजू शकते, माझीही सुरुवात अशीच झाली होती. पण त्या यादीत प्रत्येक साधन काय करते एवढेच होते. ते आपल्याकडून काय मागते, याबद्दल एक ओळही नव्हती. तेवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी विज्ञान शिकवते. प्रोजेक्टरवर पान उघडून शिकवायला लागले तेव्हा पहिला धडा जाहिरातींनी दिला. ज्वालामुखीवरचे एक चांगले सचित्र पान मुलांना दाखवत होते आणि मधूनच जुगाराची जाहिरात नाचू लागली. पुढची दहा मिनिटे वर्गाचे डोळे तिच्यावरच होते. त्याच संध्याकाळी मी जाहिराती अडवणारे युब्लॉक ओरिजिन बसवले. ते मुक्त स्रोताचे आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही वाचता येतो. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून मूळ आवृत्ती तिथे चालत नाही, लाइट आवृत्ती घ्यावी लागते. फायरफॉक्समध्ये मूळ आवृत्ती अजून चालते. वर्गात एकच एक्स्टेन्शन ठेवायचे झाले तर मी हेच ठेवीन. पानावरचा कचरा गेला की मूल मजकुरापर्यंत पोहोचते. निम्मे काम तर पानावरचा फक्त मजकूर दाखवणारा ब्राउझरमधला 'रीडर' मोडही करतो आणि त्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही, हे अनेक शिक्षकांना माहीतच नसते.

दुसरा अनुभव मला जास्त जवळचा आहे. माझ्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी उत्तरे चटाचटा द्यायचा, पण परिच्छेद वाचायला सांगितला की मान खाली. अक्षरे त्याला ओळखू यायची, ओळ मात्र पुढे सरकत नसे. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे एक साधन मी त्याला लावून दिले. पहिले दोन दिवस फजितीच झाली. संगणकात मराठी आवाज नव्हता, देवनागरी दिसली की तो हिंदी आवाजात वाचायचा. 'ळ' कानाला खटकायचा आणि 'चमचा'तला 'च' भलताच यायचा. मग एज ब्राउझरमध्ये मोठ्याने वाचण्याची सोय आतच आहे आणि तिला मराठी आवाजही आहे, असे कळले. वेग कमी केला, वाचला जाणारा शब्द पानावर ठळक दिसू लागला आणि त्या मुलाचे बोट आवाजाबरोबर ओळीवरून सरकायला लागले. महिन्याभराने त्याने पाण्याच्या चक्रावरचे एक अख्खे पान वाचून त्यातली एक शंका मला विचारली. वाचून पडलेली त्याची ती पहिली शंका होती. डिजिटल साधनांना सरसकट नावे ठेवणारे कोणी भेटले की मला तो मुलगा आठवतो.

सर्किट शिकवताना मी फेट सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, वापरते. नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला आणि त्यातली अनेक सिम्युलेशन मराठीतही आहेत. बॅटरीची दोन टोके मुले मुद्दाम थेट जोडतात, पडद्यावर ज्वाळा उठते, सगळा वर्ग ओरडतो. मग मी खरी बॅटरी आणि बल्ब हातात देते. हा क्रम मी कधी उलटा करत नाही, कारण पडद्यावर जे पाहिले ते हाताशी का जुळत नाही, या प्रश्नातूनच पुढचा तास उभा राहतो. त्यांच्या नव्या सिम्युलेशनसाठी कोणतेही एक्स्टेन्शन लागत नाही, साधा ब्राउझर पुरतो. हे मी मुद्दाम सांगते आहे. फ्लॅश या ॲडोबीच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारी ॲनिमेशन मी वर्षानुवर्षे जमवली होती. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि माझे ते फोल्डर एका फटक्यात मुके झाले. फुलाच्या परागीभवनाचे एक फार सुंदर ॲनिमेशन त्यात गेले, त्याच्या तोडीचे मला अजून सापडलेले नाही.

आता मूळ मुद्दा. एक्स्टेन्शन बसवताना एक लहानशी खिडकी उघडते. अनेकदा तिच्यात लिहिलेले असते की तुम्ही ज्या ज्या वेबसाइटवर जाता तिथला सगळा डेटा हे साधन वाचू आणि बदलू शकेल. घाईत आपण 'जोडा' म्हणतो आणि मोकळे होतो. पण शिक्षकाच्या ब्राउझरमध्ये काय काय उघडलेले असते याचा विचार करा. हजेरी, गुणपत्रके, पालकांशी झालेला पत्रव्यवहार, एखाद्या मुलाच्या आजारपणाची किंवा घरच्या अडचणीची नोंद. व्हिडिओचा वेग वाढवणाऱ्या साधनाला हे सगळे वाचण्याची मुभा कशासाठी?

ही भीती मनची नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' हे क्रोमचे एक्स्टेन्शन वापरात नसलेले टॅब झोपवून संगणकावरचा भार हलका करायचे. चाळीस टॅब उघडे ठेवणाऱ्या आम्हा शिक्षकांना असे साधन म्हणजे वरदानच. त्याचे २० लाखांवर वापरकर्ते होते. २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्याच्या हाती सोपवले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचे सांगून गूगलने ते काढून टाकले. ज्यांनी ते बसवले त्यांनी त्या वेळी काहीच चूक केली नव्हती. एक्स्टेन्शन आपोआप अद्ययावत होतात. नवी परवानगी हवी असेल तर ब्राउझर पुन्हा विचारतो, पण सगळे वाचण्याची परवानगी आधीच दिलेली असेल तर मालक बदलला तरी विचारायला कोणी येत नाही.

मलाही फटका बसला. फाइलचे रूपांतर करून देणारे एक मोफत एक्स्टेन्शन मी घेतले होते. काही आठवड्यांनी शोध घेतला की अनोळखीच पान उघडू लागले, तेही भर वर्गात, मुलांच्या देखत. कारण सापडायला चार दिवस गेले, कारण आपण ते साधन कधी बसवले हेच मी विसरून गेले होते. माझी ईमेल त्याच ब्राउझरमध्ये उघडी असायची. सगळे पासवर्ड बदलले, पण त्या दिवसांत त्याने काय काय वाचले असेल याचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही. त्यात माझ्याबरोबर माझ्या विद्यार्थ्यांचीही माहिती होती, ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागते.

मोठ्या साधनांचेही फार वेगळे नाही. साथीच्या काळात ४९ देशांच्या सरकारांनी सुचवलेली १६० हून अधिक शैक्षणिक साधने ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने तपासली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार त्यांपैकी ८९ टक्के साधनांची माहिती हाताळण्याची पद्धत मुलांच्या हक्कांना धोका पोहोचवणारी होती किंवा त्यांचा भंग करणारी होती. सरकारी शिफारस असलेल्या साधनांची ही गत, मग स्टाफरूममध्ये कोणीतरी सुचवले म्हणून बसवलेल्या साधनांचे काय?

मला बसलेल्या त्या फटक्यानंतर मी वर्गासाठी ब्राउझरमध्ये वेगळे प्रोफाइल केले. त्यात माझे खाते नाही, ईमेल नाही, गुणपत्रके नाहीत. क्रोममध्ये एखाद्या एक्स्टेन्शनने फक्त ठरावीक वेबसाइटवर किंवा आपण क्लिक केल्यावरच पान वाचावे, असे ठरवता येते. तेही करून ठेवले. फायरफॉक्समध्ये 'शिफारस केलेले' अशी खूण असलेली एक्स्टेन्शन फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची माणसे तपासतात, त्यामुळे शोधायला सुरुवात मी तिथून करते. दर सत्राच्या सुरुवातीला यादी उघडायची आणि गेल्या सत्रात ज्याला हात लावला नाही ते काढायचे. या कामाला एक तासही लागत नाही. पण तो तास शिक्षकाच्या वेळापत्रकात कुठेच धरलेला नसतो. मुख्याध्यापकांनी तो द्यावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्या यादीतले निबंध सुधारून देणारे साधन मात्र मी मुलांच्या हाती देणार नाही, त्याच्या परवानग्या कितीही स्वच्छ असोत. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकते, वाक्य कुठे अडखळते, हे पाहूनच मला कळते की मूल कुठे अडले आहे. ती चूक माझ्यापर्यंत पोहोचायच्या आतच पुसली गेली तर मी शिकवायचे काय? स्वतःचे लेखन तपासायला शिक्षकांनी ते जरूर वापरावे.

आपल्या पुरवणीवर शिक्षकांचा भरवसा आहे, हे मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये पाहिले. म्हणून एक विनंती. पुढची यादी छापताना प्रत्येक साधनाच्या नावापुढे तीन गोष्टी द्या: ते कोणत्या परवानग्या मागते, ते कोण चालवते आणि शेवटचे कधी अद्ययावत झाले. तिन्ही गोष्टी एक्स्टेन्शनच्या पानावर किंवा बसवतानाच्या खिडकीत दिसतात, पाच मिनिटांत सापडतात. आणि मागच्या यादीतल्या साधनांचीही ही माहिती एका चौकटीत दिलीत, तर ज्यांनी ती आधीच बसवली आहेत त्यांना कोणते ठेवायचे आणि कोणते काढायचे हे ठरवता येईल.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका