मृत्यूनंतर दहा महिन्यांनी मृत्युपत्र!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या लेखात म्हटलंय की अमेरिकेत इंटरनेटवर नाव टाकलं की घराण्याचा मूळपुरुष हाती लागतो. मी सध्या बॉस्टनजवळ मुलाकडे असतो. आमच्या व्याह्यांचा मूळपुरुष शोधण्यात दोघांचे तीन महिने गेले, म्हणून लिहितो.

हा गृहस्थ सतराव्या शतकात इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आला. इंटरनेटवरच्या तयार वंशवृक्षात त्याचा मृत्यू १२ जानेवारी १६९० चा. मृत्युपत्रावर सही मात्र ३ नोव्हेंबर १६९० ची! व्याही म्हणाले, माणसं दोन असणार. मी जन्मभर कचेरीत जुने दस्त चाळलेला. म्हटलं, आधी कॅलेंडर बघू. इंग्रजांच्या वसाहतींत तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. ते १ जानेवारीला लागू लागलं १७५२ साली. म्हणजे त्या नोव्हेंबरनंतरचा जानेवारीही १६९० चाच. आपल्या हिशेबाने तो १६९१ मध्ये वारला. जाणकार म्हणूनच १६९०/९१ असं लिहितात.

मग 'ज्युनियर'चा घोळ. गावात एका नावाचे दोघे असले की धाकटा ज्युनियर. तो मुलगाच असेल असं नाही. आमच्या वंशवृक्षातला ज्युनियर मूळपुरुषाचा पुतण्या निघाला. एक अख्खी फांदी छाटावी लागली, त्यावर व्याही दोन दिवस फुगून होते.

मूळपुरुषाच्या बायकोचं कोडं मात्र सुटलं नाही. मृत्युपत्रात 'माझी प्रिय पत्नी मेरी', बस्स. तिला घराची पूर्वेकडची खोली, विहिरीकडे जायची वाट, भट्टीत पाव भाजायचा हक्क, आणि मुलांनी दरसाल तिच्या दाराशी आणून टाकायचं सरपण. 'दाराशी' हे मुद्दाम लिहिलंय. बाप पोरांना ओळखून असावा. माहेरचं आडनाव कुठेच नाही. शिरगणतीचा उपयोग नाही, ती १७९० पासूनची, आणि १८५० च्या आधी तिच्यात नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी घर नुसत्या आकड्यांत. तीन वंशवृक्षांत मेरीला आडनाव दिलंय. आधार विचारला तर पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे, तिसरा पुन्हा पहिल्याकडे. आम्ही ते खोडून चौकट रिकामी ठेवली.

लेखकाने पुढच्या भागात निदान २५ मार्चचा उल्लेख करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कारकून