बुलेटचा ब्रेक डाव्या पायाला आहे

परळ, मुंबई
मंगळवार, रात्री अकरा

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून उठून गेलास. आईने वडे झाकून ठेवले आणि रात्री एक शब्दही न बोलता तेच मला गरम करून वाढले. तू स्वतःच्या पगारातून पै-पै साठवून गाडी घेतलीस, ती दाखवायला ठाण्याहून भर पावसात घरी आलास, आणि मी पेढा हातात घेण्याआधी तुला विचारले, ‘ब्रेक पाहिलेस का?’ हे माझे चुकले. फोन केला तर पुन्हा आवाज चढेल, म्हणून लिहायला बसलो आहे. ब्रेकविषयी शेवटी एकदाच लिहायचे, असे ठरवून बसलो आहे.

आधी जे रविवारी सांगायला हवे होते ते सांगतो. तू वहिनीला आवाज ऐकवायला खाली जाऊन गाडी सुरू केलीस तेव्हा मी गॅलरीतून पाहत होतो. तू घाईने लाथ मारली नाहीस. किकवर हलका दाब देत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत थांबलास, डीकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारा खटका) दाबून पिस्टन जेमतेम पुढे सरकवलास आणि मग एका किकमध्ये गाडी लावलीस. हे तुला कोणी शिकवले? दादरच्या वर्कशॉपमध्ये माझ्याबरोबर तीस तीस वर्षे पाने फिरवलेल्या माणसांनाही जुनी बुलेट पहिल्या किकला लागत नसे. मला फार बरे वाटले होते, आणि नेमके तेच मी बोललो नाही.

तू रागाने किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर टाकून लोकलने परत गेलास, त्यामुळे गाडी दोन दिवस आयतीच माझ्या हाताखाली आली. जिन्याखाली ताडपत्री बांधून मी ती सावकाश पाहिली. तुला न विचारता हात लावला, याचा राग मानू नकोस. इंजिनावरचा आणि चासीवरचा नंबर मी पेन्सिलने कागदावर छापून घेतला आणि आरसीच्या झेरॉक्सशी अक्षर अक्षर ताडून पाहिला, दोन्ही जुळतात. १९९६ ची गाडी म्हणजे तिची १५ वर्षे २०११ मध्येच संपली आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण आले, तेव्हा मूळ आरसीवर मुदत कुठवर आहे ते नीट बघ. मालकी बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर विकणाऱ्याच्या सह्या झाल्या असतील, पण विमाही खरेदीपासून १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो, आणि बहुतेक जण नेमके तेच विसरतात.

गाडी मुळात चांगली आहे. फ्रेमला कुठेही वेल्डिंगचा डाग नाही. हँडल सोडून सावकाश फिरवले तर मधेच अडकत नाही. चाकांच्या तारांवर स्क्रूड्रायव्हर वाजवत गेलो, तर पुढच्या चाकाच्या दोन तारा सोडून बाकी साऱ्या एका सुरात वाजल्या; त्या दोन मी ताणून घेतल्या. ऑइलबाबत मात्र एक गोष्ट लक्षात ठेव. ही बुलेट दोन-चार दिवस उभी राहिली की ऑइलच्या टाकीतले ऑइल पंपातून झिरपून इंजिनाच्या पोटात, क्रँककेसमध्ये उतरते, ऑइल मोजायची काठी कोरडी दिसते, आणि माणूस वरून आणखी ओततो. म्हणून आधी गाडी थोडी चालवावी, मग बंद करून काठी पाहावी. तुझ्याही गाडीत कोणीतरी असेच जास्त ओतले होते. मी ते सगळे काढून नवे २०डब्ल्यू५० भरले आहे. ठिणगी पाडणारे पॉइंट जळून खडबडीत झाले होते, ते घासून फटीत ०.३५ ते ०.४० मिलीमीटरच्या मध्ये गेज बसेल असे लावले. टॅपेट, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यांची फट, मात्र गेजने लावत नाहीत. इंजिन गार असताना ती दांडी, पुशरॉड, दोन बोटांत धरून फिरवला तर मोकळा फिरला पाहिजे, आणि वरखाली केला तर जराही हलता कामा नये. ते सांभाळायला माझी बोटे अजून पुरतात.

टायरने मला फसवले होते. नक्षी जवळजवळ नव्यासारखी आहे, म्हणून तूही समाधान मानले असशील. पण पुढच्या टायरच्या अंगावर बॅटरी मारली तेव्हा तारखेच्या खाचेत २३११ हे आकडे दिसले, म्हणजे तो २०११ सालातल्या २३ व्या आठवड्याचा आहे. गाडी उभीच राहिली, म्हणून नक्षी उरली. रबर मात्र वाळून कडक झाले आहे आणि कडेला नखाएवढ्या भेगा आहेत. असा टायर कोरड्या रस्त्यावर काही बोलत नाही, पण ओल्या रस्त्यावर, विशेषतः पेव्हर ब्लॉकवर किंवा झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर, ब्रेक लागताक्षणी घसरतो. आज कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलो होतो, तेव्हा ३.२५-१९ चा नवा टायर आणि ट्यूब आणून बसवली. पैशांचे बोलू नकोस.

शेवटी लिहायचे ठरवले होते, पण टायरच्या पाठोपाठ ब्रेक आलाच. पुढच्या ब्रेकच्या केबलच्या दोन तारा लिव्हरजवळच्या निपलपाशी तुटून बाहेर आल्या होत्या. रबरी बूट मागे सारल्याशिवाय त्या दिसत नाहीत, म्हणून तुझ्या नजरेतून सुटल्या. ड्रम उघडला तर ब्रेकशूवरचे लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेले. केबल नवी घातली, ब्रेकशू दोन्ही चाकांचे बदलले. तरी हे ड्रम ब्रेक आहेत, डिस्क नव्हे. हिंदमाताला किंवा सायनला साचलेल्या पाण्यातून बाहेर पडलास की थोडा वेळ ब्रेक हलकेच दाबून धर, म्हणजे लायनर सुकतील. नाहीतर पुढच्या सिग्नलला ब्रेक लागणारच नाही.

हे सगळे दुरुस्त होते. माझी धास्ती तुझ्या पायाची आहे. सात वर्षे तू स्प्लेंडर चालवलीस, डाव्या पायाने गिअर आणि उजव्या पायाने ब्रेक. या बुलेटला उलटे आहे. तू म्हणालास की ठाण्याहून येताना काही अडले नाही, आणि ते खरेच आहे, कारण लक्ष असते तेव्हा पाय चुकत नाही. तुझा भाऊ अण्णा, त्याचाही पाय आधी चुकला नव्हता. सायन सर्कलपर्यंत मित्राची बुलेट त्याने नीट आणली होती. समोर टँकर थांबला तेव्हा त्याने सवयीने उजवा पाय खाली दाबला, आणि या गाडीचा उजवा पाय खाली दाबला की वरचा गिअर पडतो. घरात सगळ्यांना अपघाताचे कारण पाऊस असे सांगितले, पायाचे मी आजवर कोणालाच सांगितले नाही. इस्पितळात त्याने ते फक्त माझ्यापाशी बोलून दाखवले होते. रविवारी तू गाडी सुरू केलीस तेव्हा वहिनीने गॅलरीचे दार लावून घेतले, ते तुझ्या लक्षात आले नसेल.

गणपतीला गाडीवरून गावी जायचे तुझ्या मनात आहे, असे आईकडून कळले. अटल सेतूवर दुचाकी सोडत नाहीत, म्हणजे वाशीच्या खाडीपुलावरून पनवेल, पेण, आणि पुढे कशेडी घाट. त्या दिवसांत त्या रस्त्यावर एसटी आणि खाजगी बसची रांग लागलेली असते, पाऊस असतो, झोप झालेली नसते. पहाटे निघ, रात्री निघू नकोस, मागे कोणाला बसवू नकोस, महाडला थांब, आणि उतारावर नुसत्या ब्रेकवर राहू नकोस, गिअर खाली घे. पण खाली घेणे म्हणजे या गाडीत उजव्या पायाने वर उचलणे, हे… पुन्हा उपदेश सुरू झाला. क्षमा कर. तू लहान नाहीस. तू सहा वर्षांचा असताना मी ड्यूटीवरून आलो की माझ्या काळ्या झालेल्या हातांचा वास घेऊन ‘आज ग्रीस की डिझेल?’ असे ओळखायचास, आणि बहुधा बरोबर ओळखायचास. गाडीचे वेड तुला माझ्याचकडून आले आहे. मग मी तुला कोणत्या तोंडाने अडवू?

गाडी परत करून टाक, असे रविवारी मी बोललो ते मागे घेतो. मला एवढेच हवे आहे की शनिवारी रात्री तू घरी ये आणि रविवारी सकाळी सहाला आपण शिवडीच्या बंदराकडच्या रस्त्यावर जाऊ. त्या वेळी तिथे ट्रक तुरळक असतात. तू चालव, मी फुटपाथवर उभा राहून, तुझे लक्ष नसताना, हात वर करीन आणि तू थांबायचे. वीस वेळा, पन्नास वेळा, पाय आपोआप डावीकडे जाईपर्यंत. मी काही बोलणार नाही, फक्त हात वर करीन.

डाव्या पेडलवर मी जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली आहे, बुटाच्या तळव्याला ती वेगळी लागेल. ती काढू नकोस. किल्ली तू टाकलीस तिथेच फळीवर आहे. आई रविवारी पुन्हा वडे करणार आहे.

तुझे,
बाबा